तीन अटी

महाविद्यालयात वीसेक वर्षे मराठी शिकवल्यावर एक सवय अंगी जडते. समोर कोणताही कागद आला की आधी त्यातील ऱ्हस्वदीर्घ दिसतात, मग वाक्यरचना दिसते, आणि वेळ उरलाच तर मजकूर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये द्वितीय वर्षाच्या सात विद्यार्थ्यांनी लघुपटाची संहिता म्हणून चार पाने आमच्या हाती दिली, तेव्हा आम्ही दोघांनीही नेमके हेच केले. संहितेत एक कर्जबाजारी शेतकरी होता, भेगाळलेली जमीन होती, कडुनिंबाला टांगलेला दोर होता, आणि अखेरीस दारात बसलेली त्याची बायको व पार्श्वभूमीला बासरी. आम्ही 'आत्महत्त्या' या शब्दातील जादा 'त' खोडला, दोन ठिकाणी अनुस्वार दिले आणि 'छान आहे, कामाला लागा' असे म्हणून कागद परत केले.

दुसऱ्या दिवशी त्या सातांतील एक मुलगी विभागात आली. वर्गात ती फारशी बोलत नसे. ध्वनिमुद्रणाचे काम तिने आपणहून मागून घेतले होते, कारण त्यात बोलावे लागत नाही. दाराशी उभी राहून ती म्हणाली, "सर, बाबा गेले तेव्हा आमच्या वावरात पऱ्हाटी छातीएवढी होती. जमीन भेगाळली नव्हती." एवढेच बोलून ती थांबली. मग जाता जाता म्हणाली, "आमच्या घरी चला. माय कापूस वेचाले जाते. तेच दाखवू."

तिचे वडील गेले हे आम्हांला ठाऊक नव्हते. दोन वर्षे ती आमच्यासमोर बसून ग्रामीण कथेचा अभ्यास करीत होती, आणि आम्ही तिला ग्रामीण जीवनाचे वास्तव म्हणजे काय ते मुद्दे घालून सांगत होतो.

वर्धा जिल्ह्याची बाहेरच्या जगाला ठाऊक असलेली चित्रे दोनच. एक सेवाग्रामच्या बापूकुटीचे आणि दुसरे शेतकऱ्याच्या विधवेचे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली, त्या सहांत वर्धा होता. त्या सुमारास आणि नंतरही इकडे पुष्कळ कॅमेरे आले. आमच्या मुलांनी लिहिलेली संहिता त्यांच्या डोक्यातून आलेली नव्हती. ती त्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांतून आली होती. आपल्याच गावाकडे पाहण्यासाठी त्यांनी दुसऱ्यांचे डोळे उसने घेतले होते, आणि आम्ही त्यातला 'त' दुरुस्त करून दिला होता.

लघुपट करायचा म्हणजे काय, याची थोडीफार जमवाजमव आम्हीही त्याच महिन्यात केली. आम्हां दोघांचेही शिक्षण एम. ए. मराठीचे. कॅमेरा हाती धरण्याचा अनुभव लग्नसमारंभापुरता. तेव्हा जे ठाऊक होते तेथून सुरुवात केली. मुलांना सांगितले की लघुपट ही काही आजची टूम नव्हे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा पेरून त्याचा अंकुर कसा वाढतो याचे चित्रण महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे करून एक चिमुकला चित्रपट केला होता, आणि तो दाखवूनच भांडवल उभे केले होते. मुलांना ही गोष्ट आवडली, पण उमेद वाढली ती दुसऱ्या एका उदाहरणाने. नागराज मंजुळ्यांचा 'पिस्तुल्या' हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा लघुपट अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यास करताना झाला होता, आणि मंजुळ्यांनी त्याआधी मराठीत एम. ए. केले होते. पुण्याच्या चित्रपट संस्थेत गेल्यावाचूनही हे होऊ शकते, आणि मराठीवाल्याकडून होऊ शकते, हे ऐकल्यावर वर्गात जी खसखस पिकली ती आम्ही आमच्या बाजूने मोजली.

परंतु आमच्या कामाला खरा आधार मिळाला तो घराजवळच, सेवाग्रामला. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या कार्यालयात काम करणारे त्यांचे चुलत नातू कनू गांधी तेव्हा विशीत होते. त्यांना छायाचित्रे काढायची होती. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आला आणि गांधीजींनी तीन अटींवर परवानगी दिली. फ्लॅश वापरायचा नाही. कोणालाही 'असे बसा, तसे पाहा' म्हणायचे नाही. आणि या छंदाचा खर्च आश्रम करणार नाही. या तीन अटींत राहून कनू गांधींनी पुढची जवळजवळ दहा वर्षे छायाचित्रे काढली. आज गांधीजींची जी घरगुती, बेसावध रूपे आपल्याला दिसतात त्यांतील कितीतरी त्यांच्या कॅमेऱ्यातील आहेत.

त्यांनी न काढलेल्या एका छायाचित्राची हकीकतही आम्ही मुलांना सांगितली. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. त्यांच्या सुश्रूषेसाठी कनू गांधींना तेथे राहू दिले होते. गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून कस्तुरबा अखेरचे श्वास घेत असताना त्यांनी छायाचित्र काढण्याची परवानगी मागितली, आणि गांधीजींनी ती नाकारली.

मुलांनी एकमताने ठरवले की याच तीन अटी आपल्याही. दिवे वापरायचे नाहीत, कोणाला काही करून दाखवायला सांगायचे नाही, आणि महाविद्यालयाकडे पैसे मागायचे नाहीत. तिसरी अट पाळणे सर्वांत सोपे गेले, कारण मागूनही मिळाले नसते. एका मुलाच्या मावसभावाचा लग्नाचे चित्रण करणारा कॅमेरा, दोन मोबाइल, कॉलरला लावायचा एक स्वस्त माइक आणि वर्गणीचे साडेचार हजार रुपये, एवढी आमची सामग्री.

ऑक्टोबरच्या एका रविवारी आम्ही देवळी तालुक्यातील त्या गावी गेलो. दोन खोल्यांचे घर, पुढे ओसरी, भिंतीवर हार घातलेली तसबीर. "या सर, या मॅडम. बसा, चहा ठेवतो," असे मुलीची आई म्हणाली. आमच्या भागात बाया 'मी जातो, मी करतो' असेच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या चित्रपटांत वऱ्हाडी बाई आली की हे हमखास चुकते, तेव्हा संवाद कोणी लिहून देणार नाही हे फार बरे आहे, असा विचार आमच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात चहा झाला. मुलांनी तिवई लावली, कॅमेरा बसवला. कोणीही काहीही म्हटले नव्हते.

ती बाई उठली. भिंतीवरची तसबीर काढून तिने पदराने पुसली, मांडीवर आमच्याकडे तोंड करून उभी धरली आणि दाराच्या चौकटीत, जिथे बाहेरचा उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला पडतो, तिथे येऊन बसली. पदर डोक्यावरून घेतला. आणि विचारले, "असंच बसू ना?"

कॅमेरा सुरू होता. मुलीने कानांवरचा हेडफोन काढला आणि म्हणाली, "माय वो, ठेव तो फोटो. हे पेपरवाले नाहीत."

तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतर त्या घरी तलाठी आले होते, पोलीस आले होते, वार्ताहर आले होते, कोणी अभ्यासक आले होते. प्रत्येकाने काही विचारले, काहींनी छायाचित्र काढले, आणि कुठे बसायचे, तसबीर कशी धरायची, कुठे पाहायचे हे त्यांपैकीच कोणी तरी केव्हा तरी सांगितले असणार. शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पुढे गेले आणि अपात्र ठरले, कारण कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचे होते, त्याला कागद नव्हता. मदत मिळाली नाही. दारात बसायची रीत तेवढी मागे राहिली. आमची दुसरी अट अशी पहिल्याच तासाला अपुरी ठरली. आम्ही कोणाला बसवले नव्हते हे खरे, पण आमच्या आधी आलेल्यांनी बसवून ठेवले होते.

त्या दिवशी आणखी चित्रण झाले नाही. पुढचे दोन रविवार आम्ही कॅमेऱ्याशिवाय गेलो. संहिता बाजूला पडली. तिच्या जागी एका वहीत त्या बाईच्या दिवसाचे वेळापत्रक लिहिले गेले. पहाटे किती वाजता पाणी, केव्हा भाकरी, कोणत्या बायांसोबत कोणाच्या वावरात. घरची अडीच एकर जमीन मक्त्याने दिलेली होती, आणि ती स्वतः दुसऱ्याच्या शेतात किलोच्या भावाने कापूस वेचायला जाई. नियोजन म्हणजे आधी काय ठरवायचे ते नव्हे, आधी काय ठाऊक नाही ते शोधायचे, हे आम्हांला त्या वहीने शिकवले. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत हातांच्या कामातून शिक्षण हा नई तालीमचा विचार मांडला गेला. त्यावर परीक्षेत आठ गुणांचा प्रश्न असतो, यापलीकडे त्याचा आमच्याशी संबंध आला नव्हता. असो.

प्रत्यक्ष चित्रण पाच दिवस चालले. पहिल्या वेच्याच्या आधी बायांनी धुऱ्यावर सीतादहीची पूजा मांडली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. ते चित्रण झाले. मग वेचणी. कापूस वेचण्याला आवाज नसतो असे आम्ही समजत होतो. मुलीने हेडफोन आमच्या कानांना लावला तेव्हा ऐकू आले ते असे की वाळलेले बोंड किंचित करकरते, बांगड्या वाजतात, कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तशी पऱ्हाटीला घासून निराळी वाजते, आणि श्वास वाकताना एक असतो, उठताना दुसरा. सात मिनिटे ती मुलगी आपल्या आईचा श्वास ऐकत पऱ्हाटीच्या ओळीतून तिच्या मागे मागे चालत गेली. कॅमेरा मागे होता. ते सात मिनिटांचे चित्रण हा आमच्या लघुपटाचा कणा झाला.

तिसऱ्या दिवशी बायांनी मुलांना फटकारले. वावरात रिकाम्या हातांनी उभे राहू नये. तेव्हा सातही जणांनी ओट्या बांधल्या. बोंडाची टोके बोटांत शिरतात हे सर्वांना माहीत होते, आता बोटांनाही कळले. संध्याकाळी शेतमालकाच्या अंगणातल्या काट्यावर मोजमाप झाले. सात जणांचा मिळून जेवढा कापूस भरला त्याहून त्या एकट्या बाईचा जास्त होता. मुलांनी आपापल्या किलोंवरून एकमेकांची इतकी टर उडवली की कॅमेरा पिशवीतच राहिला. तसेही अंधारून आले होते, आणि दिवे न वापरण्याची आमची अट होती.

संकलनाचे काम महाविद्यालयाच्या संगणक कक्षात झाले. चार तासांचे चित्रण आणि जुना संगणक. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती त्यावर उघडे, दोन मिनिटे चाले आणि गोठे. शेवटी एका मुलाने मूळ चित्रणाच्या कमी क्षमतेच्या प्रती करून त्यांवर जुळणी करण्याची युक्ती शोधली. सगळे कापून झाल्यावर पुन्हा मूळ चित्रे जोडायची. तीन आठवडे संध्याकाळी पाच ते आठ आम्ही सारे तेथे असू. मराठीच्या प्राध्यापकाला या कामात एक गोष्ट ओळखीची वाटली. विद्यार्थ्यांच्या निबंधातील जो परिच्छेद त्याला सर्वांत आवडलेला असतो, तोच बहुधा काढावा लागतो.

आमच्याकडे तसा परिच्छेद होता. पहिल्या दिवसाचे ते चित्रण. दाराची चौकट, अर्ध्या चेहऱ्यावरचा उजेड, मांडीवरची तसबीर, आणि "असंच बसू ना?" हा प्रश्न. संपूर्ण चार तासांत त्याच्याइतके देखणे चित्र दुसरे नव्हते. सहा विद्यार्थ्यांना ते हवे होते. खरे सांगायचे तर आम्हां दोघांनाही हवे होते. आमच्याजवळ युक्तिवादही तयार होता. तो प्रश्न ठेवला तर कॅमेऱ्यांच्या सवयीवरच टीका होते, प्रेक्षक अंतर्मुख होतो, वगैरे. वर्गात आम्ही असे युक्तिवाद नेहमीच करतो. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एवढेच सांगितले की घरी आईला विचारले, आई म्हणाली ठेवा, तुमच्या कामाचा असेल तर ठेवा.

या 'ठेवा'ने आम्ही थांबलो. ती बाई आजवर कोणालाच नाही म्हणाली नव्हती. तलाठ्याला नाही, वार्ताहराला नाही, आम्हांलाही नाही. जिच्याजवळ नकार वापरण्याची सवयच उरलेली नाही तिच्या होकाराची किंमत काय धरायची? ते चित्रण आम्ही काढले. अकरा मिनिटांचा लघुपट झाला. भिंतीवरची तसबीर त्यात एकदा दिसते, ती ओसरी झाडतानाच्या चित्रात, दूरवर.

एका स्पर्धेत आम्ही तो पाठवला. 'विषय स्पष्ट होत नाही' असा अभिप्राय आला. मुले हिरमुसली. परंतु आमचा खरा प्रयोग अजून व्हायचा होता. पुण्याच्या सुमित्रा भावे सामाजिक संशोधनाकडून चित्रपटाकडे वळल्या. १९८५ मधील 'बाई' हा त्यांचा पहिला लघुपट. ज्यांच्याविषयी अभ्यास केला त्या, वाचू न शकणाऱ्या बायांपर्यंत तो परत जावा, ही त्यामागची ओढ होती. तेव्हा आम्हीही जानेवारीत त्या गावी गेलो, ओसरीच्या भिंतीवर चादर ताणली आणि सोबतच्या वेचणाऱ्या बायांसह सर्वांना लघुपट दाखवला. बाया आपापले हात, आपापल्या पाठी ओळखून हसल्या. संपल्यावर मुलीची आई थोडा वेळ चादरीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सारं दाखोलं तुमी. पन काटा कुठी हाय? दिसभर वेचलं, मंग मोजलं कुठी?"

आम्ही निरुत्तर झालो. वेचणी म्हणजे तिच्या लेखी दिवसभराचे काम, आणि काटा म्हणजे त्या दिवसाचा अर्थ. तोच आमच्याकडे नव्हता. 'अंधारले होते, दिवे वापरायचे नाहीत असे ठरले होते' हे उत्तर ओठांवर आले आणि तेथेच राहिले. गांधीजींची अट माणसाला उजेडाचा त्रास होऊ नये यासाठी होती. आम्ही तिच्या आडोशाला उभे राहून सर्वांत महत्त्वाची जागा चुकवली होती.

फरदडीचा कापूस अजून वावरात होता. 'या वेचणीला या,' असे बाया म्हणाल्या. आम्ही गेलो. मालकाने वावरात चित्रण करायला कधीच हरकत घेतली नव्हती. काट्यापाशी मात्र त्याने हात वर केला. "इथं कॅमेरा नको, सर." आवाज अगदी सौम्य होता. कारण विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. कॅमेरा पिशवीत गेला. सहा महिन्यांच्या या उद्योगात आम्हांला 'नाही' म्हणणारा हा पहिला आणि एकटाच माणूस.

परतताना मुलीने सांगितले की तिच्याजवळ एक ध्वनिमुद्रण आहे. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळचे, काट्यावरचे नव्हे, काट्यावरून घरी येतानाच्या वाटेवरचे. आईला लिहिता येत नाही, म्हणून ती घरी पोचेपर्यंत आपला आकडा घोकत येते. मग मुलगी तो कॅलेंडरवर मांडते. मुलीने पावलांचा आवाज हवा म्हणून मोबाइल सुरू ठेवला होता. आईला विचारून आम्ही ते वीस सेकंद लघुपटाच्या शेवटी जोडले. पडद्यावर काही नाही. काळोख. पावले, आणि एका बाईचा आवाज, एकच आकडा पुन्हा पुन्हा. एक्केचाळीस. एक्केचाळीस. एक्केचाळीस.

उन्हाळ्यात पुन्हा ती चादर ताणली. तो काळोख आला तशी ओसरीवरची कुजबुज थांबली. लघुपट संपला. आम्ही तिच्याकडे पाहिले. ती कॅलेंडरकडे पाहत होती.

"साडेएक्केचाळीस होते," ती म्हणाली. "अर्धा तो धरतच नाही."

मुलीने उठून जुने कॅलेंडर काढले आणि नोव्हेंबरचे पान उघडले.